हा घडवला कुणी?

डिसेंबरात माहीमची जत्रा भरली की मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अकीकच्या अंगठ्यांचे गाडे लागतात. विटकरी, मधाळ, दुधी, मधूनच एखादा शेवाळी हिरवा खडा. गुळगुळीत इतके की बोटाखालून निसटतात. गेल्या जत्रेत त्यातली एक विटकरी अंगठी मी घरी आणली. मावशीने ती उजेडात धरली. "चांदी आहे का? केवढ्याला पडली?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "कुठनं घेतलीस?" दोन्ही उत्तरं मिळाली आणि अंगठीचा विषय संपला.

सोन्याचा दागिना असता तर प्रश्न थोडे बदलले असते. किती तोळ्याचा, आणि कुठल्या पेढीचा? मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच दोन प्रश्न विचारले गेले आणि त्यांच्या जोरावर आपण खरं-खोटं पारखायला शिकलो. घडवला कुणी, कशातून आणि कसल्या हालात, हा प्रश्न मात्र कधी तोंडी बसला नाही. आता दागिना 'माझा' वाटला पाहिजे आणि तो घालताना मनाला टोचायलाही नको, अशी नव्या गिऱ्हाइकाची मागणी आहे. ती कितपत पुरी होते, ते पाहू.

त्यासाठी माहीम हे ठिकाण सोयीचं आहे. कोळीवाड्यात लग्न असलं की अंबाड्यावरच्या सोन्याच्या फुलांपासून मासळीच्या घाटाच्या कानातल्यांपर्यंत सगळं बघायला मिळतं. शीतलादेवीपुढे ओटीत हिरव्या बांगड्या असतात. बुधवारच्या नोव्हेनाला सेंट मायकल चर्चबाहेर मेणाच्या हातापायांशेजारी क्रूस आणि रोझरी टांगलेल्या दिसतात. खाडी ओलांडून वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं की जगभरच्या हिऱ्यांची उलाढाल करणारा भारत डायमंड बोर्स आहे, आणि दादरच्या बाजूला वळलं की रानडे रोड-गोखले रोडच्या पेढ्या. दोन-चार किलोमीटरांत दागिन्याची सगळी रूपं सापडतात.

घालायचं काय, ठरवायचं कुणी?

दागिन्यातून स्वतःला व्यक्त करायचं ही आजची भाषा. आपल्याकडे दागिना बराच काळ दुसऱ्यांनी लावलेली ओळख होता. बाई सवाष्ण की विधवा, कुठल्या जातीची, कुठल्या घरची, हे गळ्याकडे आणि मनगटाकडे पाहून कळत असे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते, त्या काळातली गोष्ट. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांशी ते बोलले. गळ्यातले गळसऱ्यांचे थर आणि कोपरापर्यंतचे कथलाचे-चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाका. घालायचाच तर सोन्याचा घाला, असं त्यांनी सांगितलं. लुगडं नेसण्याची पद्धतही बदलायला सांगितली. अंगावर काय असावं हा किती मोठा राजकीय प्रश्न आहे, हे इतक्या नेमकेपणाने मराठीत क्वचितच कुणी मांडलं असेल.

पुढचा हुकूम सरकारचा. १९६२ च्या युद्धात बायकांनी बांगड्या उतरवून संरक्षण निधीला दिल्या, आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत! हजारो सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. पुढे १९६८ चा कायदा आला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. गंमत अशी की ज्या चौदा कॅरेटला तेव्हा लोकांनी नाक मुरडलं, तेच आज तरुण गिऱ्हाईक आपण होऊन मागतं. २०२५ मध्ये तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडला आणि त्याच वर्षी नऊ कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्कच्या कक्षेत घेतलं गेलं.

लालबाग-परळला दागिन्याचा अर्थ याहून वेगळा होता. गिरणगावात तो बँकेच्या पासबुकासारखा होता. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि संप चिघळत गेला, तसं घराघरातलं किडुकमिडुक सावकाराकडे गेलं. गळ्यात नुसती काळी पोत उरली. त्या घरांतल्या नाती आज जुन्या धाटणीची बोरमाळ मुद्दाम घडवून घेतात तेव्हा त्यात फॅशनपेक्षा बरंच काही असतं.

आणि अगदी अलीकडचं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरावं असं परिपत्रक काढलं. दागिन्याच्या नीतीचा विचार खाणीपासून सुरू करतात. आपल्याकडे तो हेरवाडपासून सुरू व्हायला हवा. जो घालायची आणि उतरवायची मोकळीक नाही, तो कितीही देखणा असला तरी बेडीच.

एकच बोलू द्या

ही मोकळीक मिळालेल्यांनी दागिना घालावा कसा? मराठी घाटांची यादी एवढी मोठी आहे की बाहेर बघायची गरज नाही: ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, वज्रटीक, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, पोहेहार, कुड्या, बुगडी, कोल्हापुरी साज. अडचण होते ती हे सगळं एकदम घातल्याने. लग्नाच्या हॉलमध्ये सरसकट दिसणारा 'पेशवाई सेट' म्हणजे नथीपासून बाजूबंदापर्यंत भाड्याने आणलेला गणवेशच. त्यात सगळ्या सारख्याच दिसतात.

ठुशी गळ्यालगत बसते, म्हणून ती बंद गळ्याच्या ब्लाउजवर गुदमरते आणि साध्या सुती कुर्त्याच्या उघड्या गळ्यावर खुलते. तन्मणीची मजा मोत्यांच्या सरांपेक्षा मधल्या खोडात. त्याच्याखाली दुसरा हार घातला की खोड हरवलं. साजाला इरकलीचं साधं अंग चालतं, जरीने भरलेलं नाही. बुगडी कानाच्या वरच्या कडेला असते. केस वर बांधणाऱ्या मुलीने ती एकटीच घातली तर इतर कशाची गरज नाही. भिकबाळी घालणारे तरुण दादर-माहीमला आता सर्रास दिसतात आणि त्यांना ती शोभते, कारण ते सोबत दुसरं काही घालत नाहीत. नथीचं काय करावं, हा प्रश्न नाक न टोचलेल्या मुलींनी चापाची नथ घालून केव्हाच सोडवला. 'नाकापेक्षा मोती जड' ही म्हण दागिने कसे घालावेत यावरचं सगळ्यात आटोपशीर पुस्तक आहे.

मोजकं घालण्याचा दुसरा फायदा असा की एकच वस्तू घ्यायची म्हटलं की माणूस तिच्याबद्दल चार गोष्टी विचारतो. हौस आणि विवेक यांची गाठ पडते ती इथे.

शुद्धतेची लढाई

सोनं खरं की खोटं, हा जुन्या दोन प्रश्नांमागचा प्रश्न आपण बऱ्यापैकी सोडवला. गुंज-मासा-तोळ्याच्या काळात कस पाहायला कसोटीचा दगड आणि सोनारावरचा विश्वास, एवढंच हाताशी होतं. भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्यासाठी हॉलमार्क आणला. तो ऐच्छिक होता. १६ जून २०२१ पासून तो २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख-क्रमांकाशिवाय, म्हणजे एचयूआयडीशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बावीस कॅरेटवर ९१६, अठरावर ७५०, चौदावर ५८५ असा शिक्का असतो. तो सहा अक्षरी क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. दोन ग्रॅमखालच्या वस्तू आणि कुंदन-पोलकी-जडाव यांना सूट आहे.

पण शुद्धता जपताना आपण कुणाचा विचार केला नाही, ते 'केडीएम' या तीन अक्षरांत दिसतं. दागिन्याचे भाग जोडताना सोनार 'डाग' देतो. पूर्वीच्या डागात तांब्याची-चांदीची भेसळ जास्त असे, त्यामुळे दागिना मोडताना कस उतरायचा. मग कॅडमियमचा डाग आला. तापवलं की कॅडमियम उडून जातं, कस टिकतो, गिऱ्हाईक खूश. पेढ्यांनी अभिमानाने 'केडीएम दागिने मिळतील' अशा पाट्या लावल्या. पण उडालेलं कॅडमियम जायचं कुठे? फुंकणी तोंडात धरून बसलेल्या कारागिराच्या छातीत. कॅडमियम हे कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे. हॉलमार्कच्या निकषांत आता त्याला जागा नाही, पण 'केडीएम म्हणजे चोख' ही समजूत अजून लोकांच्या बोलण्यात आहे. आपल्या चोखपणाची किंमत कारागिराच्या फुप्फुसाने भरली, हे त्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

पोटमाळ्यावरचे हात

दादरच्या गारेगार दुकानातला दागिना बहुधा झवेरी बाजार, भुलेश्वर, काळबादेवीच्या एखाद्या पोटमाळ्यावर जन्मलेला असतो. तिथल्या कारागिरांत पश्चिम बंगालमधून आलेले फार. अनेकांचं काम, जेवण आणि झोप एकाच खोलीत. सोनं गाळायच्या भट्ट्यांचा आणि तेजाबाचा धूर वस्तीत सोडणाऱ्या धुराड्यांवर महापालिका अधूनमधून कारवाई करते, आणि मग बातमीत कारागीर दिसतो तो प्रदूषण करणारा म्हणून. २०२० च्या टाळेबंदीत हेच लोक गावाकडे निघाले, तेव्हा मुंबईचं नक्षीकाम कुणाच्या बोटांत आहे ते कळलं.

या बाजारात काही फुकट जात नाही. पेढ्यांबाहेरची माती आणि गटारातला गाळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे लोक आजही आहेत. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. महाराष्ट्रात ती एक जातच आहे. टाकाऊतून सोनं मिळवण्याचा हा उद्योग आपल्याकडे जुना आहे, फक्त त्याला कुणी मान दिला नाही.

चांदीचं पाहायचं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीला जावं. पैंजणांचं हे गाव घराघरातून चालतं. व्यापारी चांदी देतो, कुणी तार ओढतं, कुणी कड्या जोडतं, कुणी घुंगरू लावतं. जोडणीचं बरंच काम बायका घरी बसून करतात आणि त्यांना मजुरी मिळते ती कामाच्या वजनावर वा नगावर. चांदीला सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडीची सोय झाली तीही ऐच्छिक, आणि तोही शिक्का शेवटी धातूचाच कस सांगतो.

आता माझ्या अंगठीकडे येते. अकीक येतो मुख्यतः गुजरातेतल्या खंभातहून. भडोच जिल्ह्यातल्या खाणींमधला दगड तिथे भाजतात, फोडतात आणि फिरत्या चाकावर घासून गोल करतात. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. घासताना उडणारी तिची भुकटी श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांच्या तपासण्या अनेक वर्षांपूर्वीच केल्या. काम घरातच चालत असल्याने चाकावर कधी न बसलेल्यांच्याही छातीत ती भुकटी जाते. धूळ ओढून घेणारी यंत्रं आणि ओलं घासकाम हे उपाय ठाऊक आहेत. पण शे-दोनशे रुपयांच्या अंगठीत त्यांचा खर्च कुणी धरत नाही. खडा गुळगुळीत होता म्हणून मला आवडला होता.

जमिनीखालचा हिशेब

भारत दरसाल साधारण सातशे-आठशे टन सोनं आयात करतो. आपली स्वतःची काढणी नगण्य. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या, कर्नाटकातली हट्टी चालू आहे. म्हणजे आपलं नवं सोनं दूरच्या खाणींमधून येतं. त्यातल्या लहान, हाताने चालवलेल्या खाणींत मातीतून सोनं काढायला पारा वापरतात. जगभरात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा या खाणींचा आहे. त्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, आणि जबाबदारीने काढलेल्या सोन्याची प्रमाणपत्रंही निघाली आहेत. पण सोनं एकदा शुद्धीकरणात वितळलं की कुठल्या खाणीचं कोणतं, हे सांगणं अवघड होतं.

हिऱ्यांचं थोडं अधिक बोललं गेलं. आफ्रिकेतल्या यादवी युद्धांना हिऱ्यांचा पैसा पुरतो हे १९९८ च्या सुमारास उजेडात आलं आणि २००३ मध्ये किंबर्ले प्रक्रिया सुरू झाली. भारत पहिल्यापासून तिचा सदस्य आहे. पण तिची व्याख्या अरुंद आहे. बंडखोरांना पैसा पुरवणारे कच्चे हिरे तेवढे ती अडवते. सरकारी फौजांचा जुलूम, मजुरांचे हाल, बालमजुरी यांना तिच्यात जागा नाही. हा विषय लावून धरणारी ग्लोबल विटनेस ही संस्था याच कारणाने २०११ मध्ये बाहेर पडली. दुकानदाराने 'किंबर्लेवाला आहे' म्हटलं तर ते खोटं नसतं, अर्धं असतं.

मग प्रयोगशाळेतला हिरा? रासायनिकदृष्ट्या तो हिराच. सुरतेने त्यात जोरदार उडी घेतली आहे आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याच्या बियाण्यांवरचं सीमाशुल्कही उठवलं. खाण टळते हे खरं. पण ज्या यंत्रात तो आठवडे न्‌ आठवडे वाढतो त्याला अखंड वीज लागते, आणि ती कोळशाची असेल तर धूर फक्त जागा बदलतो. शिवाय त्याची किंमत वेगाने घसरते आहे. आवडला म्हणून घ्या, ठेव म्हणून घेऊ नका.

बेंटेक्स आणि वन ग्रॅम यांना कमी लेखू नये. ज्यांना सोनं परवडत नाही त्यांची हौस त्यांनी जपली, आणि मालाडच्या आसपास हजारो घरांना त्यांनी काम दिलं. पण स्वस्त धातूत निकेल असेल तर कानाची पाळी खाजते, चिघळते. त्वचेला लागणाऱ्या निकेलवर युरोपने १९९४ मध्येच बंधन आणलं. आपल्या रस्त्यावर ते विचारणारं कुणी नाही. पाळी सुजल्यावरच कळतं.

आणि जिवांचा प्रश्न. तान्ह्या बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख घालायची आपली रीत होती. आता ते बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आजोबांच्या वेळचं असलं तरी. जुन्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये मुदत दिली होती, ती कधीच संपली. हस्तिदंताचा व्यापार १९९१ पासून पूर्ण बंद आहे. पोवळं हे दगड नसून सावकाश वाढणाऱ्या समुद्रजीवांचा सांगाडा आहे, हे मंगळाच्या अंगठीपूर्वी लक्षात घ्यावं. मोत्याच्या बाबतीत मात्र सुटका झाली. १८९३ मध्ये जपानच्या मिकिमोटोने शिंपल्यात मोती पिकवला आणि काही दशकांत आखाती बसरा मोत्यांची सद्दी संपली. आज नथीत बसतो तो बहुधा पिकवलेलाच मोती, आणि त्यासाठी कुणा पाणबुड्याला जीव धोक्यात घालावा लागत नाही.

मोडून घडवा

एवढं सगळं वाचून दागिनेच नकोत असं वाटेल. तसं नाही. भारतीय घरांत मिळून पंचवीस हजार टन सोनं असल्याचा अंदाज जागतिक सुवर्ण परिषद मांडते. म्हणजे खाण कपाटातच आहे. मराठी घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या खणली: आजीच्या पाटल्या मोडून आईच्या बांगड्या, आईच्या बांगड्यांतून मुलीची साखळी.

माझ्या आजीची फाटून गेलेली मोहनमाळ मी अशीच मोडली. सोनाराने तिचे मणी मुशीत घातले, वर चिमूटभर टाकणखार टाकला आणि ज्योत फिरवली. आधी मण्यांच्या कडा विरघळल्या, मग ते एकमेकांत शिरले आणि मिनिटभरात मुशीच्या तळाशी वाटाण्याएवढा थेंब थरथरत राहिला. ऐंशी वर्षांची माळ एवढीशी झालेली पाहून पोटात खड्डा पडला. निवल्यावर त्याने लगडी ठोकली, जंत्रीतून तार ओढली, आणि तीन आठवड्यांनी त्या तारेच्या दोन बुगड्या झाल्या. घाट मी कागदावर काढून दिला होता, तो पाहून सोनार म्हणाला, "इथे काटा नाजूक राहील, थोडा जाड करू या." एवढं संभाषण तयार दागिन्याच्या काउंटरवर होत नाही.

मोडायलाही काही पथ्यं आहेत. मोडण्याआधी कस मशीनवर तपासून घ्यावा आणि वजन डोळ्यांसमोर करावं. लाखेवरच्या दागिन्यात लाखेचं वजन किती हे आधी विचारावं, नाहीतर साजाची पानं सोन्याच्या भावाने गेली अशा समजुतीत माणूस राहतो. घट आणि मजुरी लिहून घ्यावी. मजुरीत घासाघीस करताना एवढं ध्यानात ठेवावं की सोन्याचा भाव कमी होत नाही, म्हणून आपण कापतो ते नेहमी हाताचे पैसे. आणि जुन्या कारागिरीचा नग सुस्थितीत असेल तर तो मोडू नये. तसा हात पुन्हा मिळेलच असं नाही.

हॉलमार्क २००० साली आला तेव्हा तो मागणारं गिऱ्हाईक विरळाच. एकवीस वर्षांनी तो कायदा झाला, आणि आता शिक्का न पाहता कुणी अंगठीही घेत नाही. कारागिराबद्दलचा प्रश्नही असाच रुळेल, पण त्याची सुरुवात काउंटरच्या अलीकडून व्हायला हवी. येत्या पाडव्याला पेढीवर जाल तेव्हा तोळे विचारा, शिक्का बघा, भाव करा. आणि बिल करायच्या आधी विचारा, हा घडवला कुणी? पहिल्यांदा विक्रेता गोंधळेल. दहाव्या गिऱ्हाइकाने विचारलं की तो मालकाला विचारायला आत जाईल.